छिद्र हृदयात, मुदत फुप्फुसात

प्रत्येक माणसाच्या हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक बारीक छिद्रं असतात, असं वैद्यकशास्त्राने हजारभर वर्षांहून अधिक काळ मानलं. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलन याने तसं लिहून ठेवलं होतं. रक्त हृदयाच्या उजव्या भागातून डाव्या भागात जातं कसं, हे त्याला उलगडत नव्हतं, म्हणून ते पडद्यातून पाझरतं असं त्याने ठरवून टाकलं. ती छिद्रं कुणाला दिसली नाहीत. पण गॅलनला खोटं ठरवण्यापेक्षा आपलीच नजर अधू मानणं लोकांना सोपं गेलं. तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अल-नफीसने स्वच्छ लिहिलं, की हा पडदा भरीव आहे आणि रक्त उजवीकडून फुप्फुसांत जाऊन मग डावीकडे येतं. युरोपला हे पटायला विल्यम हार्वेचं १६२८ सालचं पुस्तक यावं लागलं.

गंमत म्हणजे जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळाच्या हृदयात एक छिद्र असतं, हे मात्र खरं आहे. ते खालच्या जाड पडद्यात नसतं, वरच्या पातळ पडद्यात असतं, आणि त्याचं काम जन्मापर्यंतच असतं. गर्भाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात, श्वास सुरू झालेला नसतो. प्राणवायू आईकडून वार आणि नाळेतून येतो. मग सगळं रक्त फुप्फुसांकडे पाठवून करायचं काय? म्हणून निसर्गाने दोन आडवाटा ठेवल्या आहेत. एक म्हणजे वरच्या पडद्यातली ही खिडकी. दुसरी म्हणजे फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक छोटी नळी. बाळ पहिलं रडतं, फुप्फुसं फुलतात, दाब बदलतात आणि खिडकीची झडप आपोआप मिटते. नळी दोन-तीन दिवसांत आकसते. चारातल्या साधारण एका माणसात ती झडप नीट चिकटत नाही, नुसती टेकलेली राहते. त्यातल्या बहुतेकांना हे जन्मभर कळतही नाही आणि कळण्याची गरजही नसते. नवजात बाळाच्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टात या उघड्या खिडकीची ‘पीएफओ’ ही तीन अक्षरं पाहून घर हादरतं, तेव्हा डॉक्टर शांत का असतात, याचं कारण हे.

हृदयाचे चार कप्पे आपण शाळेत शिकलो. वर दोन अलिंद, खाली दोन निलय. उजवी बाजू अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी बाजू शुद्ध रक्त साऱ्या शरीराला. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र राहिलं तर त्याला एएसडी म्हणतात, खालच्या दोघांमध्ये राहिलं तर व्हीएसडी. जोडणारी नळी मिटलीच नाही तर ती पीडीए. नावं बोजड वाटली तरी लक्षात ठेवण्यासारखी आहेत, कारण दवाखान्यातल्या प्रत्येक कागदावर हीच अक्षरं असतात, आणि ‘हृदयाला छिद्र आहे’ या एका वाक्यातून काहीच ठरत नाही. छिद्र कुठे आहे, केवढं आहे आणि रुग्णाचं वय काय, या तीन उत्तरांशिवाय ते वाक्य अर्धवट आहे. हजार जिवंत जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो आणि त्यांतला सर्वांत मोठा गट व्हीएसडीचा. म्हणून आधी त्याच्याकडे वळू.

मोठ्या माणसाच्या डाव्या निलयात दाब १२० च्या घरात जातो, उजव्यात जेमतेम २५ पर्यंत. मधल्या पडद्याला भोक असेल तर रक्त डावीकडून उजवीकडे उसळणारच. म्हणजे फुप्फुसांतून नुकतंच शुद्ध होऊन आलेलं रक्त शरीराकडे जायचं सोडून पुन्हा फुप्फुसांकडे वळतं. छिद्र मोठं असेल तर फुप्फुसांना वाट्याच्या दुप्पट, तिप्पट रक्त झेलावं लागतं. ती रक्ताने जड होतात, श्वास जलद होतो, डाव्या हृदयाला तेच काम पुन्हा पुन्हा करावं लागतं. शरीराच्या वाट्याला मात्र रक्त अपुरंच येतं. बाळ दूध ओढताना दमतं, दोन घोट घेऊन सोडून देतं, पुन्हा भुकेने रडतं. दूध पिताना कपाळावर घाम येतो. पोट उडतं. महिन्याला वजन वाढायचं ते वाढत नाही. सारखी छाती भरते आणि दर वेळी न्यूमोनियाचं निदान होऊन अँटिबायोटिक दिलं जातं. बाळ निळं पडत नाही, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. हृदयाचा आजार म्हणजे निळं बाळ, हे चित्र लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे. त्यामुळे गोरंगोमटं, पण हाडकुळं आणि घामाघूम बाळ कुणाला हृदयरोगी वाटत नाही.

या सगळ्याला एक वेळापत्रक असतं आणि ते नीट न कळल्याने किती तरी घरांत गैरसमज होतात. जन्मल्या दिवशी व्हीएसडीचं बाळ ठणठणीत दिसतं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात, काही ऐकू येत नाही, कागदावर ‘नॉर्मल’ लिहितात. दीड महिन्याने दुसरा डॉक्टर म्हणतो की छिद्र मोठं आहे. मग पहिल्या डॉक्टरच्या नावाने बोटं मोडली जातात. पण पहिल्या दिवशी ऐकू येण्यासारखं बहुधा काही नसतंच. गर्भात असताना फुप्फुसांच्या धमन्या जाड आणि आवळलेल्या असतात. त्यामुळे नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या उजव्या बाजूचा दाब डाव्याच्या जवळपास असतो आणि छिद्र असूनही रक्त फारसं पलीकडे जात नाही. पुढच्या सहा-आठ आठवड्यांत त्या धमन्या सैल पडत जातात. जसजशा त्या सैलावतात, तसतसा छिद्रातून वाहणारा लोंढा वाढतो. बाळ सव्वा महिन्याचं होतं आणि बिघडतं. छिद्र पहिल्यापासून तेच असतं, बदललेली असतात ती फुप्फुसं. म्हणून दीड महिन्याच्या लसीला बाळाला नेलं की डॉक्टरांकडून छाती पुन्हा एकदा तपासून घ्यावी, असं मी प्रत्येक आईबापाला सांगेन.

आवाजाबद्दल आणखी एक उलटं वाटणारं सत्य आहे. ‘मर्मर खूप मोठा आहे’ असं ऐकलं की काळजात धस्स होतं. प्रत्यक्षात आवाज जितका मोठा तितकं छिद्र बहुधा लहान. बागेत पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी सूं सूं करत उडतं, अंगठा काढला की मुकाट वाहतं, तसंच इथे होतं. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंरी रोजे यांनी १८७९ मध्येच नोंदवलं होतं, की छातीत जोरदार आवाज असलेली काही मुलं अगदी निरोगी वाढतात. असली लहान छिद्रं, विशेषतः पडद्याच्या मांसल भागातली, पहिल्या काही वर्षांत बहुतांशी आपोआप बुजतात. इथे औषधाचा काही संबंध नसतो. पण ज्याने त्या काळात काढा दिला, भस्म चाटवलं, अंगारा लावला, त्याला श्रेय मिळून जातं. ‘ऑपरेशन न करता छिद्र बरं केलं’ अशा ज्या कथा आपण ऐकतो, त्या बहुतेक अशा छिद्रांच्या असतात, जी तशीही बुजणारच होती. लॅसिक्ससारखी डॉक्टरांची औषधंसुद्धा छिद्र बुजवत नाहीत, ती फक्त फुप्फुसांवरचा भार हलका करून वेळ मिळवून देतात. आणि एक अपवाद सांगून ठेवतो. महाधमनीच्या झडपेला अगदी लागून असलेलं छिद्र लहान असलं तरी भोळं नसतं. ते झडपेची पाकळी आपल्याकडे ओढून घेतं आणि झडप गळू लागते. हा प्रकार आशियाई लोकांत तुलनेने जास्त दिसतो. म्हणून ‘लहान आहे’ एवढ्यावर निर्धास्त न होता ‘कुठे आहे’ हेही विचारावं.

आता या आजारातला सर्वांत फसवा टप्पा. मोठं छिद्र उघडंच राहिलं, बाळ कसंबसं वर्ष ओलांडून पुढे सरकलं, तर एक दिवस त्याची तब्येत सुधारू लागते. धाप कमी होते, छाती भरणं थांबतं, वजनही थोडं वाढतं. घरात आनंद होतो. औषध लागू पडलं, नवस पावला. आत मात्र नेमकं वाईट घडत असतं. जास्तीच्या दाबाचा मारा सोसून फुप्फुसांच्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होत जातात, आतली पोकळी चिंचोळी होते. अडथळा वाढला म्हणून छिद्रातून पलीकडे जाणारा लोंढा कमी झालेला असतो, आणि लोंढा कमी झाला म्हणून मूल बरं दिसत असतं. हे असंच चालू राहिलं तर काही वर्षांनी उजव्या बाजूचा दाब डाव्यापेक्षा वरचढ होतो आणि प्रवाह उलटतो. आता अशुद्ध रक्त थेट शरीरात मिसळतं. ओठ आणि नखं निळी पडतात, बोटांची टोकं फुगतात. प्राणवायूची तूट भरून काढायला शरीर जास्त रक्तपेशी बनवतं, रक्त दाट होतं, खोकल्यातून रक्त पडतं. व्हिक्टर आयझेनमेंगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने १८९७ मध्ये अशा एका ३२ वर्षांच्या पुरुषाची हकिगत लिहिली. तो अखेर फुप्फुसांतल्या रक्तस्रावाने गेला. या अवस्थेला आज त्याच डॉक्टरचं नाव आहे.

एकदा ही पायरी गाठली की छिद्र बंद करणं उपयोगाचं तर नसतंच, उलट जीवघेणं ठरतं. कडक झालेल्या फुप्फुसांविरुद्ध झगडणाऱ्या उजव्या हृदयाला दाब हलका करण्याची तेवढी एकच वाट उरलेली असते. ती बंद केली तर ते कोलमडतं. मग राहतात फुप्फुसांच्या धमन्या सैलावणारी औषधं. बोसेंटन हे एक. सिल्डेनाफिल हे दुसरं, जे जगाला व्हायग्रा म्हणून माहीत आहे. लहान मुलीच्या नावाची ती चिठ्ठी पाहून औषधाच्या दुकानातला मुलगा आईकडे विचित्र नजरेने पाहतो. आईने खुशाल पाहू द्यावं.

मराठी वाचकाच्या ओळखीचं उदाहरण मधुबालाचं. तिचा जन्म १४ फेब्रुवारी १९३३ चा, आणि हृदयात व्हीएसडी जन्मापासूनचा. १९५४ मध्ये मद्रासला चित्रीकरण चालू असताना तिला रक्ताची उलटी झाली आणि आजार चर्चेत आला. शरीरात रक्त फाजील तयार होतं, ते काढावं लागतं, असं तिच्या घरच्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. वर आपण जे वाचलं त्याच्याशी हे पडताळून पाहा. १९६० मध्ये ‘मुघल-ए-आझम’ लागला. त्याच सुमारास किशोरकुमारांनी तिला लंडनला नेलं, पण तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. हा नकार आपल्याकडे अनेकदा वैद्यकाच्या असमर्थतेची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला तसं वाटत नाही. १९६० पर्यंत व्हीएसडी बंद करता येत होता. लक्षणांवरून दिसतं ते इतकंच, की तिच्या बाबतीत वेळ निघून गेली होती. आणि ती वेळ तिच्या बालपणातच गेली, जेव्हा हे ऑपरेशन जगात कुठेच होत नव्हतं. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी मुंबईत ती गेली तेव्हा ३६ वर्षांची होती.

ती जन्मली तेव्हा उघड्या हृदयावर सुई चालवणं ही कल्पनाच वेडेपणाची होती. हृदय उघडायचं तर त्यातलं रक्त थांबवावं लागतं आणि रक्त थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदू मरू लागतो. १९३८ मध्ये बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीची पीडीए नळी बांधली. नळी हृदयाच्या बाहेर असते, म्हणून ते जमलं. त्यांचे वरिष्ठ सुटीवर गेलेले पाहून त्यांनी हे धाडस केलं, अशी हकिगत आहे. हृदयाच्या आतलं छिद्र मात्र आणखी चौदा वर्षं कुणाच्या हाती लागलं नाही.

पुढची गोष्ट बरीचशी अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस या एका शहराची आहे. २ सप्टेंबर १९५२ रोजी तिथे जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचं शरीर थंड करत २८ अंशांपर्यंत आणलं. थंड मेंदूला प्राणवायू कमी लागतो. त्या उसन्या मिनिटांत, साधारण साडेपाच मिनिटांत, त्यांनी तिचा एएसडी शिवला. मुलगी जगली. पण साडेपाच मिनिटांत व्हीएसडी शिवून होत नाही. तिकडे फिलाडेल्फियात जॉन गिबन पत्नी मेरीच्या साथीने वीस वर्षं एका यंत्रामागे लागले होते. हृदय आणि फुप्फुसं दोघांचंही काम बाहेरून करणारं यंत्र. प्रयोगासाठी रस्त्यावरची मांजरं पकडण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. ६ मे १९५३ ला १८ वर्षांच्या एका तरुणीचं हृदय त्यांनी २६ मिनिटं या यंत्राच्या भरवशावर ठेवलं आणि छिद्र बंद केलं. ती वाचली. पुढचे रुग्ण गेले. गिबन इतके खचले की त्यांनी हे काम पुन्हा हाती घेतलं नाही.

मग मिनिॲपोलिसच्याच वॉल्टन लिलेहाय यांनी विचार केला, की गर्भाला आईचं शरीर जसं पोसतं तसं ऑपरेशनपुरतं आपणही का करू नये? २६ मार्च १९५४ रोजी तेरा महिन्यांच्या मुलाशेजारी त्याच्या वडिलांना झोपवलं, दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या आणि बापाच्या हृदय-फुप्फुसांवर मुलाला जगवत त्याचा व्हीएसडी शिवला. एका टेबलावर दोन जीव जाण्याचा धोका असलेलं हे ऑपरेशन. ते मूल अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेलं. त्यानंतरही आईबाप पुढे येत राहिले. अशा ४५ शस्त्रक्रिया झाल्या आणि २८ मुलं चालत्याबोलत्या अवस्थेत घरी गेली. १९५५ पासून यंत्रं भरवशाची झाली आणि आईबापांना टेबलावर झोपवण्याची गरज उरली नाही. आपल्याकडे साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई आणि वेल्लोर इथे यंत्राच्या साहाय्याने उघड्या हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या होत्या. केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या पथकाने तर फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयारोपणाचा प्रयत्नही केला. मधुबाला तेव्हा त्याच शहरात अंथरुणाला खिळलेली होती.

आज व्हीएसडीच्या ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड उघडतात, रक्त हृदय-फुप्फुस यंत्राकडे वळवतात, पोटॅशियमयुक्त थंड द्रावण देऊन हृदय थांबवतात. मग उजव्या वरच्या कप्प्यातून, झडपेमधून आत पाहत छिद्रावर ठिगळ शिवतात. ठिगळ हृदयावरच्याच आवरणाचं असतं किंवा कृत्रिम कापडाचं. कौशल्याची खरी कसोटी छिद्राच्या कडेला असते, कारण हृदयाची वीज वाहून नेणारा धागा बहुधा तिथूनच जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. टाका त्यावर पडला तर ठोके मंदावतात आणि पेसमेकर बसवावा लागतो. चांगल्या केंद्रांत हे शंभरातल्या एखाद्याच बाळाच्या बाबतीत होतं. आठ-दहा दिवसांत बाळ घरी येतं. हाड जुळायला सहा-आठ आठवडे लागतात, तोवर बगलेत हात घालून बाळाला उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक बुडाखाली. ही साधी सूचना आजी-आजोबांपर्यंत पोचायला हवी, कारण उचलणारे तेच असतात.

मोठ्या व्हीएसडीचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात करतात. घरचे म्हणतात, एवढंसं लेकरू, थोडं अंगाने भरू द्या, मग बघू. माया कळते, पण हिशेब चुकतो. ते भरत नाही ते छिद्रामुळेच. वजन वाढण्याची वाट पाहणं म्हणजे फुप्फुसं कडक होण्याची वाट पाहणं. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत तर घाई आणखी हवी. त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो आणि त्यांची फुप्फुसं लवकर कडक होतात. म्हणून असं बाळ जन्मलं की आवाज ऐकू येवो न येवो, इको करायचाच.

एएसडीचा स्वभाव अगदी वेगळा. वरच्या कप्प्यांमध्ये दाबाचा फरक थोडा, त्यामुळे रक्त सावकाश पलीकडे जातं. मूल खेळतं, धावतं, शाळेत जातं. छिद्र अंगावर काढलं जातं, कारण ते आहे हेच कुणाला माहीत नसतं. तिशी-चाळिशीत जिने चढताना धाप लागू लागते, छातीत धडधडतं. स्त्रियांत हा दोष पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतो आणि आपल्याकडच्या बाईची धाप कुणी मनावर घेत नाही. रक्त कमी असेल, वजन वाढलं असेल, टेन्शन असेल. पुष्कळदा पहिल्या बाळंतपणात कुणा दक्ष डॉक्टरला शंका येते तेव्हा उलगडा होतो. चार-पाच मिलिमीटरपर्यंतचं छिद्र बालपणात बुजू शकतं, आठच्या वरचं क्वचितच. सोय झाली तर शाळेत जाण्यापूर्वी बंद करावं. उशिरा सापडलं तरी, फुप्फुसं शाबूत असतील तर, बंद करून फायदाच होतो.

आणि यातली बरीच छिद्रं आता छाती न उघडता बंद होतात. लोक ‘छत्री टाकली’ म्हणतात ती हीच पद्धत. पहिले प्रयत्न सत्तरच्या दशकात अमेरिकेत झाले, पण ती साधनं अवजड होती. मिनिॲपोलिसच्याच कुर्ट अँप्लात्झ यांनी नव्वदच्या दशकात निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची जाळी वापरली. हिला निटिनॉल म्हणतात. दाबून बारीक नळीत बसते आणि बाहेर पडताच मूळ आकार घेते. जांघेतल्या शिरेतून नळी वर हृदयापर्यंत नेतात, छिद्रापलीकडे जाळीची एक तबकडी उघडतात, ओढून पडद्याला टेकवतात, अलीकडे दुसरी उघडतात, नीट बसली का हे हलवून आणि इकोवर पाहून खात्री करतात, मगच सोडतात. तोवर ती परत ओढून घेता येते. तासाभराचं काम, एक-दोन दिवसांत घरी. पुढचे सहा महिने ॲस्पिरिनची गोळी. तेवढ्यात हृदयाचं आतलं अस्तर जाळीवर चढतं. विमानतळावरच्या तपासणीचं काय, असं सगळे विचारतात. काही होत नाही. मात्र छत्रीला धरायला छिद्राभोवती पुरेशी कड लागते. कड नसेल, किंवा छिद्र पडद्याच्या अगदी वर वा खाली असेल, तर ऑपरेशनच करावं लागतं. ‘शेजारच्यांच्या मुलीला छत्री बसली, आमच्या मुलीला का नाही’ याचं उत्तर बहुधा या कडेत असतं, डॉक्टरच्या फीमध्ये नाही.

हे सगळं ठरतं ते इकोवर. त्याचीही जन्मकथा मजेशीर आहे. १९५३ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात डॉक्टर इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायचं ध्वनियंत्र मागून आणलं आणि ते माणसाच्या छातीला लावलं. आज त्याच तत्त्वावर छिद्राची जागा, मिलिमीटरमधलं माप, प्रवाहाची दिशा, फुप्फुसांतला दाब, सगळं न टोचता कळतं. गर्भाचं हृदयही पाचव्या महिन्याच्या सुमारास पाहता येतं, पण लहान छिद्रं तिथे निसटतात. जन्मानंतर पायाला क्लिप लावून प्राणवायू मोजण्याची जी चाचणी करतात, ती निळेपणा आणणारे गंभीर दोष पकडते. नुसतं छिद्र तिच्यात सहसा सापडत नाही, त्यामुळे ती चाचणी नॉर्मल आली म्हणून आधी सांगितलेल्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये.

छिद्र का राहिलं, हा प्रश्न मात्र इको सोडवत नाही, आणि इथेच आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं. ग्रहणात विळी धरलीस, पपई खाल्लीस, जिना चढलीस. हृदयाचे पडदे गर्भधारणेपासून आठव्या आठवड्याच्या आत तयार होऊन जातात. बऱ्याच जणींना तेव्हा दिवस गेल्याची नुकती कुठे खात्री झालेली असते. बहुतेक वेळा एकच एक कारण दाखवता येत नाही. ज्ञात कारणं आहेत ती अशी: आईचा आटोक्यात नसलेला मधुमेह, पहिल्या तीन महिन्यांतला रुबेला, फिटची आणि मुरमांची काही औषधं, दारू, गुणसूत्रांतले दोष, आणि काही प्रमाणात मामे-आते भावंडांतली लग्नं. रुबेला आणि बाळाचे दोष यांचा संबंध १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवला. आज लस आहे. मधुमेह दिवस राहण्याआधी आटोक्यात आणता येतो. ग्रहणाबद्दल काही करण्यासारखं नाही, कारण त्याचा संबंधच नाही.

छिद्र वेळेवर बंद झालं आणि फुप्फुसांचा दाब नॉर्मल असेल, तर ते मूल पुढे पोहू शकतं, नोकरी करू शकतं, मुलीला बाळंतपण झेपतं. उलटलेल्या प्रवाहाच्या अवस्थेत मात्र गरोदरपण टाळायलाच हवं, त्यात आईच्याच जिवाला फार मोठा धोका असतो. मला सर्वांत खटकते ती लपवाछपवी. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून ऑपरेशनचा विषय काढायचा नाही, फाइल ट्रंकेच्या तळाशी. काही जण तर व्रण नको म्हणून छत्री बसेल अशा आशेवर वर्षं घालवतात. बंद झालेलं छिद्र हा दोष नाही. लपवलेलं छिद्र पहिल्या बाळंतपणात घात करू शकतं.

पैशाचं कारण आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा येतात, आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या हृदयदोषाची तपासणी आणि उपचार त्यात येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही या शस्त्रक्रिया बसतात. खारघर आणि रायपूरची श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयं लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत करतात. पथक आलं त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. बाळ दूध पिताना घामाघूम होत असेल, त्याचं पोट उडत असेल, ते बाळसं धरत नसेल, तर पुढच्या महिन्याची वाट न पाहता इको करून घ्या. आणि तो रिपोर्ट, ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद, छत्रीचं कार्ड हे सगळं एका फाइलीत लावून ठेवा. मुलगी सासरी जाईल तेव्हा ती फाइल तिच्या हातात द्या.